मान्यतेची फाइल आणि कुलुपातले ११२ फॉर्म

आमच्या क्रीडा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला मान्यता मिळाल्याचं पत्र येऊन दीड वर्ष झालं, तरी आमच्याच आवारातल्या त्या एका कचेरीचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. नवरा म्हणतो, सोड ना आता. मला सोडवत नाही, म्हणून लिहायला बसले. या वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या कुणा प्राध्यापकाचे चार महिने वाचले तरी पुरे.

मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका लहान विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकवते. आम्ही चार प्राध्यापक आणि पदवीचे साधारण दीडशे विद्यार्थी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विभागप्रमुखांनी कॉस्मा या परीक्षण करणाऱ्या संस्थेच्या मान्यतेचा सेल्फ स्टडी, म्हणजे स्वतःच्या अभ्यासक्रमाचा स्वतः लिहिलेला पुराव्यांसह अहवाल, माझ्याकडे सोपवला. मी हौसेने घेतला. सांगलीत कबड्डी खेळत वाढलेय मी. स्पर्धा भरवायची म्हणजे मैदान, मंडप, पंच, पाणी, वर्गणी, पोलिसांची परवानगी आणि शेवटी हिशेब, हे सगळं लहानपणी घरात पाहिलंय. आमचे बाबा मंडळाचे चिटणीस होते. त्यामुळे ‘खेळात शिकवण्यासारखं व्यवस्थापन ते काय असतं?’ असं कुणी म्हटलं की मला लागतं. बाहेरच्या जाणकारांनी आमचं शिक्षण तपासावं आणि ते बरोबर आहे असं लेखी द्यावं, ही माझी मनापासूनची इच्छा होती.

कॉस्मा म्हणजे कमिशन ऑन स्पोर्ट मॅनेजमेंट अक्रेडिटेशन. या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम अमेरिकेत १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात सुरू झाला. तो असावा ही कल्पना त्याआधी १९५७ मध्ये डॉजर्स बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी प्राध्यापक जेम्स मेसन यांच्यापुढे मांडली होती. पुढे अभ्यासक्रम वाढत गेले आणि १९९० च्या दशकात दोन व्यावसायिक संघटनांनी मिळून त्यांचं परीक्षण सुरू केलं. कॉस्मा आली २००८ मध्ये. महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायचं तर संपूर्ण संस्थेचं मूल्यांकन नॅक करतं आणि एकेका तांत्रिक अभ्यासक्रमाचं एनबीए, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अक्रेडिटेशन. तसंच इथे. आमच्या संपूर्ण विद्यापीठाची मान्यता वेगळी, ती प्रादेशिक संस्था देते. कॉस्मा फक्त क्रीडा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पाहते.

हा फरक पालकांनी नीट समजून घ्यावा, म्हणून मध्येच सांगते. माझ्या पुण्याच्या भाच्याने फोनवर विचारलं होतं, “मावशी, कॉस्मा नसलेल्या कॉलेजात गेलो तर व्हिसा मिळणार नाही का?” तसं अजिबात नाही. विद्यार्थी व्हिसासाठी त्या संस्थेला परदेशी विद्यार्थी घ्यायची सरकारी परवानगी असावी लागते. पदवीनंतर कामासाठी मिळणारी चोवीस महिन्यांची जादा मुदत फक्त स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित, या विषयांना आहे. क्रीडा व्यवस्थापनाचा नेहमीचा सरकारी संकेतांक ३१.०५०४ त्या यादीत नाही, आणि कॉस्माची मान्यता असली म्हणून त्यात काही बदलत नाही. भारतात परतून पदवीची समकक्षता घ्यायची असेल (यूजीसीने २०२५ मध्ये त्यासाठी नवे नियम आणले) तर आधी ती संस्था तिच्या देशात मान्यताप्राप्त आहे का ते बघितलं जातं. म्हणून आधी विद्यापीठाची मान्यता तपासा, मग विभागाची. विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये असलेले काही चांगले क्रीडा विभाग त्या स्कूलच्या मान्यतेवर थांबतात, वेगळी मान्यता घेत नाहीत. ते कमी दर्जाचे ठरत नाहीत.

असो. सदस्यत्व, फी, उमेदवारीचा अर्ज हे सुरळीत झालं. अभ्यासक्रमाचा तक्ताही झाला. खेळाचे सामाजिक, मानसशास्त्रीय आणि आंतरराष्ट्रीय पैलू, व्यवस्थापन, नीतिमत्ता, विपणन, अर्थकारण, कायदा आणि शेवटी प्रत्यक्ष कामाचा अनुभव, या प्रत्येकाला आपण कुठे आणि किती वेळ देतो ते दाखवायचं असतं. प्रत्येक विषयाचा वेगळा पेपर असलाच पाहिजे असं नाही, पण शिकवलेलं दिसलं पाहिजे. कायद्याचं आम्ही किती ठिकाणी थोडंथोडं शिकवतो आणि एकत्र कुठेच नाही, हे तक्ता भरताना कळलं. चार संध्याकाळी लागल्या, पण काम आनंदाचं होतं.

घोडं पेंड खात होतं ते कॉस्माच्या पहिल्याच तत्त्वावर. विद्यार्थी खरोखर काय शिकले याचा पुरावा तिथे द्यायचा असतो. त्यासाठी किमान दोन थेट मापं आणि दोन अप्रत्यक्ष मापं लागतात. पदवी घेऊन जाणाऱ्यांची आणि माजी विद्यार्थ्यांची पाहणी ही आमची अप्रत्यक्ष मापं. थेट मापांत एक होतं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, त्याचे रुब्रिकवरचे, म्हणजे ठरलेल्या निकषांच्या तक्त्यावरचे, गुण माझ्या कपाटातच होते. दुसरं होतं इंटर्नशिपच्या ठिकाणच्या पर्यवेक्षकांनी भरलेलं मूल्यमापन. आमची मुलं ४०० तास एखाद्या संघात, स्टेडियममध्ये किंवा नगरपालिकेच्या क्रीडा विभागात काम करतात. शेवटी तिथला साहेब बारा प्रश्नांचा फॉर्म भरतो, प्रत्येकाला १ ते ५ गुण आणि खाली शेरा.

हे फॉर्म आमच्याकडे येत नव्हते. ते जात होते इंटर्नशिपची कागदपत्रं सांभाळणाऱ्या मध्यवर्ती कचेरीकडे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी तीन वर्षांचे फॉर्म मागितले. नऊ दिवसांनी एक तक्ता आला. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एकच शब्द, ‘उत्तीर्ण’. मी पुन्हा लिहिलं की मला निकाल नको, बारा प्रश्नांचे गुण हवेत. ‘उत्तीर्ण’ या शब्दातून मुलाला काय येतं आणि काय येत नाही ते कळत नाही, म्हणून मान्यतेच्या कामात नुसत्या निकालाला थेट पुरावा मानत नाहीत. उत्तर आलं की ही विद्यार्थ्यांची खासगी माहिती आहे, फर्पा कायद्यामुळे देता येणार नाही. फर्पा हा विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा १९७४ चा केंद्रीय कायदा. इथे त्याचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो. मीही बसले, आणि तिथेच चुकले.

नोव्हेंबरात मी स्वतः गेले. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं की २०२१ च्या उन्हाळ्यात संगणक प्रणाली बदलली, आधीच्या दोन वर्षांचं आयटी विभागाला विचारा. आयटी म्हणालं, माहिती कचेरीची आहे, विनंती त्यांनीच करायला हवी. कचेरी म्हणाली, विनंतीचा अर्ज प्राध्यापकांनी भरायचा. त्या अर्जात ‘माहितीचा जबाबदार अधिकारी’ असा रकाना होता आणि तिथे कुणाचं नाव घालायचं ते तिन्ही ठिकाणी कुणाला ठाऊक नव्हतं. मी रकाना कोरा ठेवून अर्ज दिला, तो अपूर्ण म्हणून परत आला. विभागप्रमुखांचं नाव घातलं, तर ते अधिकारी नाहीत म्हणून परत आला. मग डिसेंबरची सुटी लागली.

एव्हाना मी अकरा खेटे घातले होते. तारखा माझ्या डायरीत आहेत. प्रत्येक वेळी समोरचा माणूस गोड बोलायचा आणि म्हणायचा, “दहा कामकाजाचे दिवस.” अहवाल पाठवायची तारीख उन्हाळ्यातली. इतर सगळी प्रकरणं लिहून तयार होती आणि पहिल्याच प्रकरणात भोक. रात्री झोप लागायची नाही. नको तिथे चिडचिड व्हायची, मुलीवर ओरडले एकदा, त्याचं अजून वाईट वाटतं.

फेब्रुवारीत एका रविवारी मी फर्पाचे नियम स्वतः उघडून वाचले. हे ऑक्टोबरातच करायला हवं होतं. कलम ९९.३१ मध्ये विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय माहिती कुणाला देता येते त्याची यादीच आहे. पहिल्याच उपकलमात संस्थेतले असे शिक्षक आणि अधिकारी आहेत, ज्यांना शैक्षणिक कामासाठी ती माहिती रास्तपणे लागते. आणि सातव्या उपकलमात, अगदी स्वच्छ शब्दांत, मान्यता देणाऱ्या संस्था. मी दोनदा वाचलं. मग छापून दोन्ही ओळींवर पिवळी खूण केली.

सोमवारी मी त्या कचेरीत गेले नाही, सरळ रजिस्ट्रारकडे गेले. आमच्या विद्यापीठात फर्पाबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी उभ्या उभ्या कागद वाचला, “हे तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळायला हवं होतं,” म्हणाल्या, आणि तिथेच दोन ओळींचं पत्र लिहून सही केली. पंधरा मिनिटं लागली. साडेचार महिने आणि पंधरा मिनिटं! बाहेर येऊन मी गाडीत बसून रडले, आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं.

तेव्हा पहिला सल्ला हाच. नियमाचं नाव सांगून कुणी अडवलं तर नियम स्वतः वाचा, आणि तो नियम ज्याच्या अखत्यारीत आहे त्याच माणसाकडे जा.

नव्या प्रणालीतले फॉर्म त्याच आठवड्यात मिळाले. जुने आयटीच्या एका मुलाने बॅकअपमधून काढून दिले, त्यालाही तीन आठवडे गेले. तीन वर्षांच्या १३९ विद्यार्थ्यांपैकी ११२ जणांचे फॉर्म हाती आले. उरलेले बहुतेक २०२० च्या वसंत सत्रातले. त्या वर्षी कोविडमुळे ११ मार्चला अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा (तिचंही नाव एनबीएच) हंगाम थांबला, दुसऱ्या दिवशी विद्यापीठांची मोठी बास्केटबॉल स्पर्धा रद्द झाली आणि आमच्या मुलांच्या इंटर्नशिप अर्ध्यावर तुटल्या. ते फॉर्म भरलेच गेले नव्हते. एका सहकाऱ्याने सुचवलं की ते सत्र गाळून टाकूया. मी ठाम नाही म्हटलं. किती फॉर्म नाहीत, का नाहीत आणि त्या मुलांना बदली काम काय दिलं होतं, ते जसंच्या तसं लिहिलं. भेटीला आलेल्या दोघा परीक्षकांनी त्याबद्दल एकच प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि पुढे गेले. पुराव्यात खड्डा असला तर तो दाखवा.

पण माझा राग नुसता खेट्यांचा नाही. फॉर्म मिळाल्यावर मी दोन रात्री बसून सगळे वाचले. बारापैकी दहा प्रश्नांत आमच्या मुलांची सरासरी ४ च्या वर होती. अंदाजपत्रक आणि हिशेबाच्या प्रश्नात ती ३.१ होती. एका छोट्या बेसबॉल संघाच्या पर्यवेक्षकाने लिहिलं होतं की मुलगी मेहनती आहे, प्रेक्षकांशी छान बोलते, पण सामन्याच्या दिवसाचा खर्चाचा तक्ता तिला वाचता येत नाही. याच अर्थाचे शेरे सहा वेगवेगळ्या ठिकाणांहून आले होते, तीन वर्षांत पसरलेले. कामात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसांनी वेळ काढून आमच्या मुलांना काय येत नाही ते आम्हाला सांगितलं होतं आणि ते कुलुपात पडून होतं. आम्ही दरवर्षी तेच शिकवत राहिलो. खेळाच्या अर्थकारणाचा पेपर आमच्याकडे शेवटच्या सत्रात होता, म्हणजे मुलं इंटर्नशिप करून आल्यावर. बाबांच्या मंडळात नव्या पोराला आधी पावतीपुस्तक हातात देत, मग मैदानावर उभं करत. ते आठवून मला लाज वाटली.

आम्ही तो पेपर तिसऱ्या वर्षात आणला. मान्यतेच्या अहवालात याच गोष्टीला सर्वांत मोल असतं. मोजलं, त्यातून काय दिसलं आणि म्हणून काय बदललं. नुसते भरलेले तक्ते शंभर पानं जोडले तरी हे तीन वाक्यांत सांगता आलं नाही तर उपयोग नाही.

आठवलं म्हणून आणखी सांगते. प्राध्यापकांचे बायोडेटा एकाच नमुन्यात आधी मागवून घ्या, आमच्यातल्या एकाने तीनदा पाठवूनही पदवीचं वर्ष घातलं नव्हतं. विद्यार्थ्यांच्या निकालांची माहिती विभागाच्या पानावर जाहीर करावी लागते, ते पान कोण बदलतं हे आधी शोधून ठेवा. आणि परीक्षकांच्या भेटीसाठी मुलांना उत्तरं पढवू नका. आमच्या एका मुलाने त्यांना सरळ सांगितलं, “हिशेब मला इंटर्नशिपवर शिकावा लागला, इथे उशिरा शिकवला.” माझ्या पोटात गोळा आला. पण आमच्या अहवालात तेच लिहिलेलं होतं. परीक्षक बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

कॉस्माच्या मंडळाने मान्यता दिली. सोबतच्या नोंदींत एक अशी होती की इंटर्नशिपचं मूल्यमापन विभागाने स्वतःकडे ठेवावं. ती वाचून मला फार बरं वाटलं. ते पत्र मी रजिस्ट्रारना दाखवलं आणि महिन्याभरात फॉर्मचा पत्ता बदलला. आता पर्यवेक्षकाने फॉर्म पाठवला की तो त्याच दिवशी आमच्या फोल्डरमध्ये पडतो, एक प्रत कचेरीला जाते. दर मे महिन्यात आम्ही चौघे एक दुपार बसून सगळे शेरे मोठ्याने वाचतो.

हिशेबाच्या प्रश्नाची सरासरी यंदा ३.६ झाली. अजून ४ नाही. येत्या सत्रापासून मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना आमच्याच विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल सामन्यांचा खरा खर्च लिहायला देणार आहे. तिकीटखिडकी, पंच, सफाई, रुग्णवाहिका, सगळं. क्रीडा विभागाने आकडे द्यायचं कबूल केलंय, आणि या वेळी ते मी लेखी घेतलंय.