खो ऐकू आला पाहिजे

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. घरचे गुण मोजत होते, मी डोळे मिटून नुसता 'खो' ऐकत होते.

१९९४ साली आठवीत आम्हाला पंजाबी ड्रेस लागू झाला आणि वर्गातल्या सगळ्याजणी एकाएकी पोक काढून चालायला लागल्या. पाठीवरचं दप्तर छातीशी आलं. माझा तर आवाजच गेला. हजेरीचं 'हजर' बाईंच्या टेबलापर्यंत पोचत नसे. सांगलवाडीहून सायकलनं येताना आयर्विन पुलावर मात्र मी मोठमोठ्यानं गाणी म्हणायचे. कृष्णेच्या वाऱ्यात कोण ऐकतंय!

पळते बरी, म्हणून खेळाच्या बाईंनी मला संघात घेतलं. पहिल्या दिवशी बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावला, तर ती उठेचना. "हात लागला गं, खो कुठाय?" बाई ओरडल्या. आठजणी एकीआड एक विरुद्ध तोंडं करून बसलेल्या. मागून येणारी दिसत नाही, तिचा आवाजच ऐकायचा. तो आला नाही तर फाऊल. पंधरा दिवस बाईंनी दुसरं काही शिकवलंच नाही. एका खांबाशी त्या, दुसऱ्याशी मी. "ऐकू नाही आलं." पुन्हा. ओढणीच्या पिना त्यांच्या डब्यात, ओढणी कमरेला.

त्यातच पाळी आली. आईनं सांगून टाकलं, आता हुंदडणं बंद. बाई पूल ओलांडून घरी आल्या, भडंग खाल्लं, चहा घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, दुखलं तर बसेल, नाही दुखलं तर खेळेल. तिचं तिला ठरवू द्या." माझंही काही मी ठरवायचं असतं, हे तेव्हा पहिल्यांदा कानावर आलं. आई आठ दिवस धुमसली. मग डब्यात दोन चपात्या जास्त यायला लागल्या.

तालुक्याला ऐन वेळी पुन्हा घसा बसला, हरलो. परतीच्या एसटीत मी रडून घेतलं.

दहावीत व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिरही झालं होतं. हात कसा मिळवायचा, तेवढं आठवतं.

विलिंग्डनमधून बी.एस्सी. झाल्यावर पुण्याला पहिली मुलाखत. समोर तिघं. नाव विचारलं, मी सांगितलं. मधले साहेब दचकून म्हणाले, "अहो, जरा हळू. आम्ही इथंच बसलोय."