एक मिलिवॉटचा हिशेब

मागच्या मे महिन्यात जळगावच्या आमच्या घरी, मागच्या खोलीत, मी एका मित्रासाठी सागवानी फळीवर नावाची पाटी कोरत होतो. यंत्र निळ्या डायोड लेझरचे, तरंगलांबी ४५५ नॅनोमीटर आणि प्रकाशाची शक्ती १० वॉट. फळी सरकू नये म्हणून तिच्या कडेला पितळेची एक पट्टी टेकवून ठेवली होती आणि मांडणीत तीन-चार मिलिमीटरांची चूक राहून गेली. किरण फळी सोडून पट्टीवर गेला, आणि समोरच्या भिंतीवर, माझा मुलगा अभ्यासाला बसतो त्याच उंचीवर, निळा ठिपका सळसळत गेला. मुलगा शाळेच्या सुट्टीमुळे मामाकडे अमळनेरला होता. मी स्वतः मात्र खोलीतच होतो, आणि घामाने काचा धूसर होतात म्हणून लेझरपासून वाचवणारा चष्मा कपाळावर सरकवून बसलो होतो.

माझ्या डोळ्यांना काही झाले नाही. पण त्या दिवशी यंत्र बंद करून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि आधी करायला हवा होता तो हिशेब केला. यंत्र विकत घेताना मी कोरीव कामाचा वेग, फळीची जाडी आणि किंमत पाहिली होती. डोळ्याला किती प्रकाश सोसतो, हे पाहिले नव्हते.

लेझरचा किरण डोळ्यात शिरला की बुबुळाचा पारदर्शक पडदा आणि त्यामागचे भिंग मिळून त्याला दृष्टिपटलावर १० ते २० मायक्रोमीटर एवढ्याशा ठिपक्यात एकवटतात, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान जागेत. बाहुलीवर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता तिथे पोहोचेपर्यंत सुमारे एक लाख पटीने वाढलेली असते. ४०० ते १४०० नॅनोमीटर या पट्ट्यातल्या सगळ्या लेझरांना ही गोष्ट लागू होते, आणि त्यातला ७०० च्या पुढचा भाग आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे भाजले तरी डोळा ओरडून सांगत नाही. आणि तिथल्या मेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत.

सुरक्षिततेची मर्यादा कशी ठरते, हे समजून घेण्यासारखे आहे. डोळ्यावर अचानक झगझगीत प्रकाश आला की माणूस साधारण पाव सेकंदात पापणी मिटतो किंवा तोंड फिरवतो, असे गृहीत धरलेले आहे. दिसणाऱ्या प्रकाशासाठी तेवढ्या वेळात बाहुलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.५ मिलिवॉट एवढी तीव्रता चालते. अंधारात पूर्ण उघडलेली बाहुली ७ मिलिमीटर व्यासाची धरतात, तिचे क्षेत्रफळ ०.३८५ चौरस सेंटिमीटर; दोहोंचा गुणाकार केला की उत्तर येते जवळपास १ मिलिवॉट. आयईसी ६०८२५-१ या आंतरराष्ट्रीय मानकात लेझरचे धोक्याप्रमाणे वर्ग पाडले आहेत; त्यातल्या वर्ग २ ला १ मिलिवॉटची मर्यादा आहे ती यामुळेच. वर्ग ३आर ५ मिलिवॉटपर्यंत, वर्ग ३बी अर्ध्या वॉटपर्यंत, आणि त्यापुढचे सगळे वर्ग ४. माझे यंत्र त्या १ मिलिवॉटच्या दहा हजार पट होते, आणि पापणी मिटायच्या आत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरूनही सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. १० वॉटचे ४ टक्के म्हणजे ४०० मिलिवॉट, म्हणजे निव्वळ काचेवरून परतलेला किरणही वर्ग ३बी मध्ये बसतो. मग घासून चकचकीत केलेल्या पितळेचे काय सांगावे.

ज्याने मला सर्वांत अस्वस्थ केले, ते मात्र परावर्तन नव्हते. तो कामाचा रोजचा ठिपका होता, ज्याकडे मी अगदी वाकून पाहत असे. पांढऱ्या पृष्ठभागावर पडलेला १० वॉटचा प्रकाश सगळाच्या सगळा चारी दिशांना विखुरला असे धरले, तर समोरून ३० सेंटिमीटरवर त्याची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन मिलिवॉट येते. दहा सेकंद पाहायचे असेल तर मर्यादा आहे दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॉट. आणि निळ्या प्रकाशाची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण तो नुसता भाजत नाही, दृष्टिपटलात रासायनिक इजा साचवत जातो. शंभर सेकंदांहून अधिक वेळ पाहायचे झाल्यास मर्यादा ०.१ मिलिवॉटपर्यंत खाली येते, म्हणजे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याने जवळजवळ दोन मीटर लांब उभे राहायला हवे. मी कित्येक संध्याकाळी एका हाताच्या अंतरावरून पाहत बसलो होतो.

आता चष्म्याकडे येतो. लेझरच्या चष्म्याची ताकद ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे ओडी, या आकड्याने सांगतात. ओडी १ म्हणजे एक दशांश प्रकाश आत येतो, ओडी २ म्हणजे एक शतांश, ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग. १० वॉट खाली आणून १ मिलिवॉट करायचे तर ओडी ४ लागते. दहा सेकंदांचा हिशेब धरला तर ४.४ येते, म्हणून ४५५ नॅनोमीटरला ओडी ५ हून कमी चष्मा मी आता वापरत नाही. इथे वॉट प्रकाशाचे धरायचे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पुष्कळदा यंत्र विजेचे किती वॉट घेते याचा असतो.

यंत्राबरोबर आलेल्या माझ्या हिरव्या प्लॅस्टिकच्या चष्म्यावर ना तरंगलांबी होती, ना ओडी, ना कसले मानक. त्याला हातात धरून खिडकीकडे पाहिले तेव्हा बाहेरचे निळे आकाश मला निळेच दिसले. ४५५ अडवणाऱ्या काचेतून निळा रंग जवळजवळ नाहीसा व्हायला हवा, म्हणूनच त्या काचा नारिंगी किंवा पिवळसर असतात. अर्थात रंगावरून चष्मा फार तर बाद करता येतो, पास करता येत नाही. युरोपच्या ईएन २०७ मानकाप्रमाणे तपासलेल्या चष्म्यावर तरंगलांबीचा पट्टा, सलग किरणासाठी ‘डी’ हे अक्षर आणि पुढे ‘एलबी’ व आकडा कोरलेला असतो; तो आकडा केवळ प्रकाश किती अडतो एवढेच सांगत नाही, तर थेट किरण पडला असता काच काही सेकंद वितळून भोक न पडता टिकते, याचीही हमी देतो. नवा चष्मा यंत्राच्या एक दशांश किमतीला पडला. मला तो महाग वाटला नाही.

एमआयडीसीत वेल्डिंग करणारा आमचा एक दूरचा भाचा यंत्र पाहायला आला होता. त्याने खिशातला काळा चष्मा काढून विचारले, “मामा, हाऊ चष्मा चाली का?” नाही चालत. वेल्डिंगची काच त्या ठिणगीच्या झगमगाटासाठी बनवलेली असते. एकाच तरंगलांबीत एकवटलेल्या किरणासाठी तिची कोणी चाचणी केलेली नसते, आणि गडद दिसते म्हणून ती सुरक्षित वाटते, हाच तिचा धोका.

जळगावात सराफ बाजार असल्यामुळे फायबर लेझर इथे अनेकांनी पाहिलेला आहे. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या वेगळ्या ओळख क्रमांकाशिवाय, सोन्याचे हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत, आणि तो क्रमांक दागिन्यावर लेझरनेच उमटवतात. असे छोटे फायबर यंत्र आता हौशी लोकही घरी आणू लागले आहेत. त्याची तरंगलांबी सहसा १०६४ नॅनोमीटर असते: डोळ्याला अदृश्य, पण दृष्टिपटलावर नेमका एकवटणारा. माझा नारिंगी चष्मा त्याच्यापुढे साध्या काचेसारखा आहे. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्येही हाच छुपा शत्रू असतो, कारण ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश १०६४ पासूनच तयार करतात आणि आतली गाळणी वगळलेली असेल तर अदृश्य किरणही सोबत बाहेर पडतात. कार्बन डायऑक्साइड लेझरचे उलटे आहे. त्याचे १०,६०० नॅनोमीटर दृष्टिपटलापर्यंत जातच नाहीत, बुबुळाचा पृष्ठभागच जाळतात, आणि त्यांना साधा पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पत्राही अडवतो. पण तोच पारदर्शक पत्रा निळ्या डायोडसमोर लावून निश्चिंत होणारे लोक मी पाहिले आहेत.

चष्मा हा शेवटचा आडोसा आहे, पहिला नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात घामाने निथळणारा माणूस तो कधी ना कधी कपाळावर सरकवणारच. मी सरकवला होता. म्हणून यंत्राभोवती आता प्लायवुडची पेटी आहे, आतून काळी, पाहण्यापुरती ४५५ साठी तपासलेल्या नारिंगी अ‍ॅक्रिलिकची खिडकी आणि झाकण उघडताच लेझर बंद करणारा खटका. पितळी पट्टीच्या जागी लाकडाची पाचर आली. चष्मा उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवत नाही, कारण प्लॅस्टिकमधले रंगद्रव्य उन्हाने फिके पडते. काचेवर खोल ओरखडा गेला तर तो सरळ बदलतो.

पेटीच्या झाकणावर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तीवर तरंगलांबी, वॉट, सलग की स्पंदांचा किरण, आणि जवळच्या नेत्ररुग्णालयाचा फोन लिहिलेला आहे. डोळ्यासमोर अचानक लखकन् चमकले, मध्यभागी काळा डाग राहिला किंवा चौकटीच्या वहीतल्या सरळ रेघा एका डोळ्याने वाकड्या दिसू लागल्या, तर डोळा न चोळता, कोणतेही थेंब न घालता त्याच दिवशी दृष्टिपटलाच्या डॉक्टरांकडे जायचे आणि ही चिठ्ठी सोबत न्यायची, असे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवले आहे.