जाहिरातीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं

जाहिरातीतलं प्रत्येक वाक्य खरं होतं. ती जाहिरात छापून, हातात पेन घेऊन, त्या पिनबॉल मशीनच्या शेजारी उभं राहून मी ओळ न ओळ ताडून पाहिली, म्हणून सांगते. 'एका घरातून आलेलं मशीन.' खरं. 'सगळे दिवे नवे, एलईडी.' खरं. 'रूडीचा जबडा नवा.' खरं. 'सगळे बोर्ड तपासलेले, सेलचा होल्डर मूळ जागी.' हेही खरंच, आणि सगळी गोची त्याच वाक्यात होती.

मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत पिनबॉल मशीन दुरुस्त करते. आपल्याकडे पिनबॉल म्हटलं की बहुतेकांना विंडोज एक्सपीमधला खेळ आठवतो. खरं मशीन म्हणजे शंभर किलोच्या वरची लाकडी पेटी, चार पाय, वर काच, आत साधारण साडेसहा अंशांचा उतार आणि त्यावरून सुटणारा ऐंशी ग्रॅमचा पोलादी बॉल. सांगलीहून मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन लग्न करून इकडे आले आणि एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर काही वर्षं नुसती घरी बसले. २०१५ मध्ये आमच्यासारख्यांपैकी काहींना कामाची परवानगी मिळायला लागली, तेव्हा एका म्हाताऱ्याच्या दुकानात टेबलावर बोर्ड दुरुस्त करायला लागले. शिकागोत हे काम मिळणं नवलाचं नाही. विल्यम्स, बॅली, गॉटलिब, सगळे कारखाने इथलेच. गंमत अशी की ज्या शहरात ही मशीनं तयार व्हायची, त्याच शहरात ती खेळायला सत्तरीच्या दशकापर्यंत बंदी होती. जुगार म्हणून. न्यूयॉर्कमध्येही १९४२ पासून १९७६ पर्यंत तेच.

तर दादा. मंडळाच्या गणपतीतली ओळख. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना दादा. १९९१ मध्ये एम.एस.ला आले तेव्हा त्यांच्या विद्यापीठाच्या स्टुडंट युनियनच्या इमारतीत 'फनहाऊस' नावाचं पिनबॉल मशीन होतं. विल्यम्सचं, १९९० सालचं, पॅट लॉलरने रचलेलं. त्यात प्लेफील्डवर, म्हणजे बॉल फिरतो त्या फळीवर, रूडी नावाच्या बाहुल्याचं डोकं असतं. ते डोळे फिरवून बॉलकडे बघतं, खेळणाऱ्याला टोमणे मारतं, बॉल आदळला की ओरडतं. रूडीचा आवाज एड बूनचा, ज्याने पुढे जोडीदाराबरोबर 'मॉर्टल कॉम्बॅट' काढलं. मशीनवर एक घड्याळ आहे. खेळता खेळता ते पुढे सरकतं, बारा वाजले की रूडी झोपतो, तोंड उघडं टाकतो, आणि त्या उघड्या तोंडात बॉल मारायचा. दादांकडे तेव्हा खेळायला सुटे पैसे नसायचे, ते मागे उभं राहून बघायचे. आता मुलगी कॉलेजला गेली, तळघर मोकळं झालं, आणि त्यांनी दुसऱ्या राज्यातल्या एका ऑनलाइन डीलरकडून फनहाऊस मागवलं. साधा राइस कुकर घेताना चाळीस लोकांचे अभिप्राय वाचणारे आपले लोक! हे मशीन मात्र त्यांनी आठ फोटोंवर घेतलं.

मला फोन आला तो असा: "ताई, रूडी झोपतच नाही."

पहिले काही दिवस मशीन उत्तम चाललं होतं. मग घड्याळ पुढे सरकायचं बंद झालं, डावा फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की बॉल उडवणारी दांडी, मलूल झाला आणि बॉल आदळायची काही टार्गेटं मुकी झाली. दादांनी डीलरला कळवलं. तो सभ्य माणूस, लगेच उत्तर दिलं: सुट्या भागांची तीस दिवसांची हमी आहे, तुमच्या भागातल्या टेक्निशियनकडून आमचा फॉर्म भरून पाठवा, पुढचं बघू.

लांबून ट्रकने आलेलं मशीन मी आधी चालू करत नाही, ते आठवडाभर चाललेलं असलं तरी. आधी फ्यूज काढून एकेकावरचा आकडा वाचायचा. इथे एका जागी लिहिल्यापेक्षा जास्त अँपियरचा फ्यूज होता, जुना, काजळलेला. म्हणजे हे मशीन कधीतरी रूटवर होतं. रूट म्हणजे बार, पिझ्झाची दुकानं, बोलिंगच्या जागा. तिथे ऑपरेटर मशीन ठेवतो, आठवड्याला येऊन नाणी काढून नेतो, आणि शनिवारी रात्री फ्यूज उडाला तर हाताला येईल तो बसवतो. मग मी कॅबिनेटच्या पुढच्या बाजूवरून अंगठा फिरवला. नव्या कोऱ्या स्टिकरखाली काच जागी धरणाऱ्या पट्टीच्या, लॉकडाउन बारच्या जवळ दोन ठिकाणी किंचित खोलगट लागलं. ऑपरेटर चोरीच्या भीतीने तिथे कडी ठोकून कुलूप लावायचे. भोकं बुजवून, घासून, वर नवं चित्र चिकटवलेलं. 'एका घरातून आलेलं' खरं होतंच. घरात यायच्या आधी कुठे होतं, हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं.

प्लेफील्ड सुंदर होतं. मेण लावून असं चमकवलेलं की स्थळाला पाठवायचा फोटो आठवावा. एलईडी इतके प्रखर की ट्रॅपडोअरच्या झडपेजवळचा झिजलेला रंग फोटोत पांढऱ्या झोतात बुडून गेला होता. फ्लिपर उघडले तर आत प्लंजरचं, म्हणजे फ्लिपर ओढणाऱ्या दांड्याचं टोक आणि तो जिथे आदळतो तो कॉइल स्टॉप आपटून आपटून चपटे झालेले. रबर मात्र नवं, लाल. कारण रबर दिसतं.

स्विचवर मी जरा रागावले. या काळातल्या मशीनमध्ये दोन तऱ्हेचे संपर्क असतात. फ्लिपरच्या बटणाचे टंगस्टनचे, कारण त्यांतून थेट पन्नास व्होल्टचा दणका जातो. ते जळतात, खड्डे पडतात, त्यांना कानशीने घासायचंच असतं. बाकीच्या पत्तीच्या स्विचवर सोन्याचा नुसता हात फिरवलेला असतो. ते कधीही घासायचे नाहीत. कोरं व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरायचं, पत्ती दाबायची, कार्ड ओढून घ्यायचं, झालं. इथे कुणीतरी नेमकं उलटं केलं होतं. टंगस्टनला हात लावलेला नाही आणि सोनं पॉलिश पेपरने साफ केलेलं. व्हिडिओ बघून शिकलेली पोरं हेच करतात, आणि डीलर लोक अशी पोरं तासाच्या बोलीवर ठेवतात.

पण घड्याळ अडण्याचं कारण ते नव्हतं. सगळे स्विच आठ उभ्या आणि आठ आडव्या ओळींच्या जाळ्यात असतात. एक आडवी ओळ मेली की मशीनभर विखुरलेले, एकमेकांशी काही संबंध नसलेले स्विच एकदम मुके होतात. टेस्टमध्ये नेमकं तेच दिसलं. म्हणजे दोष वर, बॅकबॉक्समधल्या, म्हणजे मागच्या उभ्या पेटीतल्या सीपीयू बोर्डावर.

या बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात, वीज गेली तरी स्कोअर आणि सेटिंग लक्षात राहावीत म्हणून. विल्यम्सने ते बोर्डावरच बसवले, आणि खाली स्विचच्या ओळी वाचणाऱ्या चिपा. सेल विसरले गेले की पाझरतात, आणि पाझर खालीच जातो. सगळे त्याला अॅसिड म्हणतात, पण अल्कलाइन सेलमधून येतो तो क्षार. म्हणून तो व्हिनेगरने मारायचा, खायच्या सोड्याने नाही. या बोर्डावर कधीकाळी ते होऊन गेलं होतं, चिपांच्या पायांवर कळंकाच्या जुन्या खुणा होत्या. त्या थांबलेल्या होत्या. कुणीतरी वेळेत, नीट धुतलं होतं.

मग बॅकबॉक्सच्या लाकडाकडे लक्ष गेलं. बोर्डापासून बरंच खाली दोन बारीक स्क्रूंची भोकं. त्याच्या वर पेन्सिलने बाण, इंग्रजीत 'बॅटरी' आणि '९५. वायरच्या जुडग्यात एक लाल, एक काळी तार, कापून आत दडवलेली. बोर्ड काढून उलटा केला आणि भिंगाखाली धरला. एका ठिकाणचा हिरवा रंग बाकीच्या हिरव्यापेक्षा जरासा ताजा. खरवडला. खाली कळंकाने खाल्लेली तांब्याची रेघ, तिच्यावर सोल्डरची पातळ साय, आणि त्या सायीला केसाएवढी चीर. रेघेच्या दोन्ही टोकांना सोल्डर करताना लावतात त्या फ्लक्सचे जुने पिवळे डाग. तिथे एके काळी जाडशी तार जोडलेली होती.

म्हणजे झालं होतं असं. १९९५ मध्ये कुणा रूटवरच्या मेकॅनिकने बोर्ड धुतला, तुटलेल्या रेघेवर तार टाकली, आणि सेलचा होल्डर बोर्डावरून उचलून खाली लाकडावर बसवला, म्हणजे पुन्हा पाझरले तर खाली थेंब पडतील, बोर्ड वाचेल. दिसायला गबाळं, पण चोख काम. (तो काही देवमाणूस नसावा, तो फ्यूजही बहुतेक त्याचाच.) त्याच्या त्या तारेवर हे मशीन पुढची सगळी वर्षं चाललं. मग ते डीलरकडे आलं. तिथे ती तार काढली, रेघेवर सोल्डर पसरलं, वर हिरवा रंग मारला, आणि होल्डर 'मूळ जागी', म्हणजे चिपांच्या डोक्यावर, परत बसवला. आत नवे, स्वस्तातले अल्कलाइन सेल. बोर्ड तपासला असणार, तेव्हा तो चालतही असणार. ट्रकच्या हादऱ्यांनी आणि रोजच्या तापण्या-निवण्याने चीर पडली.

आणि नवा जबडा? रंग अगदी जुळणारा, पण कडेला घासत होता. मोटर कण्हत होती.

डीलरने मला स्वतः फोन केला. मी भांडायच्या तयारीत होते; तो भांडला नाही. म्हणाला, "यातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते सांगा." मी तारेचं विचारलं. त्याने सांगितलं ते असं: पूर्वी एकदा खाली लोंबणारा होल्डर तसाच ठेवून मशीन विकलं, तर गिऱ्हाइकाने फोटो पाठवून विचारलं, हा बॉम्ब कसला? ते मशीन परत आलं. बोर्डावर उघडी तार दिसली की लोक भाव पाडतात, तार नसलेला खराब बोर्ड मात्र पूर्ण किमतीला जातो. "तुम्ही टेक्निशियन आहात, तुम्हाला तार बघून बरं वाटतं. मला टेक्निशियन लोकांना विकायचं नसतं." वर, या भागातल्या त्याच्या गिऱ्हाइकांची कामं घेणार का, दर काय, हेही विचारून घेतलं. दर अजून कळवलेला नाही.

मी तार परत टाकली. सेल काढून टाकले आणि जुन्या रॅमच्या जागी एनव्हीरॅम बसवली, तिला सेल लागत नाहीत. तारीख-वेळ तेवढी लक्षात राहत नाही, पण त्यावाचून कुणाचं अडत नाही. रूडीच्या घड्याळाचा त्याच्याशी संबंध नाही. फ्लिपर नव्याने बांधले, जबडा तासून बसवला. दादा शेजारी उभे होते. बोर्ड परत लावताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ही वायर दिसणार नाही ना? नाही म्हणजे, बॅकबॉक्स उघडून कुणाला दाखवायचं झालं तर."

मी म्हटलं, "मागच्या बाजूला आहे, दादा. नाही दिसणार."

"मग ठीक."

त्या रात्री रूडी झोपला आणि दादांनी त्याच्या तोंडात बॉल घातला. वहिनी जिन्यावर चहाचा ट्रे घेऊन उभ्या राहिल्या ते बघत.

राहिला तो फॉर्म. त्यात बरेच रकाने होते, पण पैशाचा निर्णय एकाच चौकोनावर: मशीन वर्णनाप्रमाणे आहे का, हो किंवा नाही. मी दोन्ही मोकळे सोडून खाली सविस्तर लिहिलं, भिंगाखालचे फोटो जोडले. फॉर्म परत आला: एका चौकोनात खूण हवीच. वर्णन समोर ठेवून मी पुन्हा ओळ न ओळ वाचली आणि 'हो'वर खूण केली.

जबड्याचे पैसे मिळाले, बोर्डाचे नाहीत. नवरा म्हणतो, तू त्या माणसाला फुकट सोडलंस, 'नाही' लिहायला काय जात होतं? दुकानातला म्हातारा म्हणतो, 'हो' हेच बरोबर, फॉर्मने विचारलं तेवढंच सांगायचं. दादांना फरक पडलेला नाही. ते रोज रात्री खेळतात. त्या चौकोनाचं मला अजून पटलेलं नाही, आणि 'नाही' लिहिलं असतं तर ते सिद्ध कुठल्या वाक्यावरून करणार होते, हेही सुचलेलं नाही.

मंडळातल्या आणखी दोघांनी मध्यंतरी मला जाहिराती पाठवल्या, घ्यावं का म्हणून. दोघांनाही मी एकच सांगितलं, डीलरकडून सीपीयू बोर्डाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. दोन्हीकडून एकच उत्तर आलं: त्यासाठी बोर्ड काढावा लागेल. काढावा लागतोच. सवय असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.