करार दोघांचा

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये चार मुलं राहतात. त्यांची नावं मला सात महिने माहीत नव्हती, पण चौघांना मी छतातून ओळखायचे. एक टाच आपटत चालतो. दुसरा चालतच नाही, स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत पळतो, बहुधा फोनवर बोलताना. तिसऱ्याकडे डंबेल आहे. व्यायाम झाला की तो ते खाली ठेवत नाही, सोडून देतो. आणि चौथा खुर्चीवाला. रात्री पाऊण वाजता तो लोखंडी खुर्ची टेबलाखालून ओढायचा, तेव्हा आमच्या बेडरूमच्या छतातून जो आवाज यायचा त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. करकर म्हणावी तर ती दाराची, खरखर रेडिओची. हा आवाज थेट दाढेत यायचा.

नाशिकच्या इंदिरानगरातली आमची बारा फ्लॅटची जुनी इमारत. लिफ्ट नाही, स्लॅब पातळ. वरच्या फ्लॅटचा मालक पुण्याला असतो. फोनवर अतिशय गोड माणूस. "हो हो वहिनी, सांगतो मी त्यांना," असं तो मला सात महिन्यांत नऊ वेळा म्हणाला. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे अशा गोष्टी आपोआप मोजल्या जातात.

शेवटी सोसायटीची मीटिंग झाली. पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सगळ्यांनी आपापली गाऱ्हाणी बाहेर काढली. बुलेटचा सायलेन्सर बदललेला आहे, ती गेटमधून आत आली की तीन स्कूटरचे अलार्म वाजतात. जिन्यात चपला अशा पडलेल्या की आत कीर्तन चालू आहे असं वाटावं. कुणाच्या तरी वाढदिवसाला रात्री बारा वाजता गेटबाहेर अंडी फोडली, आणि केकचं क्रीम पहिल्या मजल्याच्या कठड्याला तीन दिवस होतं. तळमजल्यावरचे काका उभे राहून म्हणाले, "ठराव करा. बॅचलर बंद. फक्त फॅमिली." टाळ्यासुद्धा वाजल्या.

सेक्रेटरींनी उपविधींचं पुस्तक आणलं होतं, ही त्यांची चूक. त्यात निघालं की सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. त्याने कळवायचं, कराराची प्रत द्यायची, झालं. सोसायटी त्याच्याकडून घेऊ शकते ते बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः तिथे राहत नसल्याबद्दलचं, तेही २००१ पासून सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर नाही. आमचं सेवा शुल्क आठशे रुपये. म्हणजे महिन्याला ऐंशी. माझ्या झोपेपोटी सोसायटीच्या तिजोरीत दरमहा ऐंशी रुपये जमा होत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

मीटिंग उठता उठता आणखी एक गोष्ट कळली. बॅचलर-बंदवाल्या काकांचा स्वतःचा एक फ्लॅट हिंजवडीला आहे. त्यात आयटीतली चार मुलं राहतात. "पण ती चांगली आहेत हो," काका म्हणाले. चांगली असतीलही. त्यांच्या खालच्या मजल्यावर कोण राहतं, ते काकांना ठाऊक नव्हतं.

मग मी कायदा वाचायला घेतला. निवृत्त बाईला वेळ असतो आणि झोप नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्यातलं कलम ५५ म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं आपल्याकडे अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी कायद्यात सक्ती नाही, त्यातून आलेली ती सवय. महाराष्ट्रात ती पळवाट या कलमाने कधीच बुजली, तरी अकराचा आकडा काही सुटत नाही. कलम २४ म्हणतं, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावं, दुप्पट भाड्याने भरपाई मिळेल. आणि कलम १६ मध्ये, शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूकडून जागा परत मागता येते, असं स्पष्ट लिहिलंय. मी खूष होऊन पुढे वाचलं. मागायची कोणी? मालकाने.

ह्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तू कुठल्या कलमात आहेस?"

मी नव्हतेच. सगळा कायदा मालक आणि भाडेकरू या दोघांच्या भांडणासाठी. आणि इथे तर त्या दोघांचं अगदी छान चाललं होतं. मुलं एक तारखेला भाडं भरत होती, मालक पुण्यात शांत झोपत होता.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. हे वाचून मी फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं आणि पाऊण वाजायची वाट पाहत बसले. खुर्ची ओढली गेली, काटा ५८ वर गेला. मी स्क्रीनशॉट काढणार इतक्यात ह्यांचं घोरणं सुरू झालं. ६१. तो पुरावा मी पुसून टाकला.

वाढदिवसाच्या रात्री मात्र कोणीतरी ११२ लावला होता. दोन पोलीस आले, मुलं "सॉरी सर, सॉरी सर" म्हणाली, दहा मिनिटांत गाणी बंद. चोख काम. पण खुर्ची ओढली म्हणून पोलिसांना कोण बोलावणार? आणि पोलीस येईपर्यंत मुलं झोपलेलीसुद्धा असतात. पोलीस व्हेरिफिकेशन तर झालेलंच होतं. फोटो, आधार, कंपनीचं ओळखपत्र, सगळं सेक्रेटरींच्या फाइलीत. खुर्ची उचलून ठेवतो की ओढतो, असा रकाना त्या अर्जात नसतो.

त्याच फाइलीत कराराची प्रत होती. सेक्रेटरींनी ती "बघून लगेच परत द्या" म्हणून माझ्या हातात ठेवली. मी जिन्यातच उभी राहून वाचली. नवव्या अटीत मी मला सापडले. परवानाधारकाने, म्हणजे वरच्या मुलांनी, शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वर्तन करू नये. नाव नाही, फ्लॅट नंबर नाही, नुसतं "शेजाऱ्यांना". खाली मालकाची सही, मुलांच्या सह्या, दोन साक्षीदार. ते साक्षीदार कुठल्याशा एजंटच्या ऑफिसातले असणार. खरी साक्षीदार तर रोज रात्री पाऊण वाजता खाली जागी होती.

आता थोडं माझ्या बाजूचंही सांगते. मी जन्माने भाडेकरूच. पंचवटीत, शनी चौकाजवळच्या वाड्यात आमची दोन खणांची जागा. नऊ बिऱ्हाडं, एक नळ, आणि वाड्यातच राहणाऱ्या मालकीणबाई. माझा भाऊ रात्री जेवण झाल्यावर भिंतीवर चेंडू आपटायचा. भिंतीपलीकडे मालकीणबाईंचा देव्हारा. सकाळी नळावर त्या आईला म्हणायच्या, "काल रात्री तुमचा चेंडू आमच्या बाळकृष्णाने झेलला बरं का." चेंडू पुढे महिनाभर कपाटावर. अर्ज नाही, मीटिंग नाही, कलम नाही. मालकीणबाई त्याच आवाजात झोपत होत्या, एवढीच त्यामागची यंत्रणा.

वाडा फार गोड होता, असं मात्र मी म्हणणार नाही. संडासासमोर सकाळी डबे घेऊन रांग लागायची. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठलेली, त्यामुळे मालकीणबाई फुटलेलं एक कौल बदलायला तयार नसायच्या, आणि बिऱ्हाडकरू हलायला तयार नसायचे. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, तशी एके वर्षी आमच्याही दारावर लागली. आता तिथे चार मजले उभे आहेत. रंगपंचमीला शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद, उघडायची, आणि दुपारभर रंगात उड्या मारण्याचा धप्प धप्प आवाज वाड्यापर्यंत यायचा. तो तेव्हा किती डेसिबल होता कोण जाणे. मीही गल्लीतल्या पोरींबरोबर ओरडायला असायचेच.

सातव्या महिन्यात, एका शनिवारी संध्याकाळी मी वर गेले. शनिवारी त्यांच्या कंपनीला सुट्टी असते, हे बुलेटवरून कळलं होतं. दार उघडणाऱ्या मुलाने मी तोंड उघडायच्या आत "सॉरी काकू" म्हटलं. कशाबद्दल, हे त्याला माहीत नव्हतं. सवयीचं सॉरी.

आत चार गाद्या, एक टेबल, चार लोखंडी खुर्च्या. जुन्या बाजारातून आणल्या असाव्यात. मी एक उलटी केली. पायांचे रबर झिजून कधीच गेलेले, नुसती पाइपची उघडी तोंडं, धारदार. फरशीवर पांढरे ओरखडे उमटले होते, पाटीवर पेन्सिलने काढावेत तसे.

"रात्री पाऊण वाजता कोण अभ्यासाला बसतं रे तुमच्यात?" मी विचारलं.

"अभ्यास नाही काकू, जेवण. सेकंड शिफ्ट बाराला सुटते. अंबड एमआयडीसीतून येऊन गरम करून बसतो जेवायला."

"कोण?"

"आम्ही चौघं."

म्हणजे खुर्चीवाला असा कोणी नव्हताच. एकामागून एक चार खुर्च्या ओढल्या जात होत्या आणि मी खाली पडल्या पडल्या त्यातून एक माणूस तयार केला होता. आडदांड, उर्मट, मिशीवाला. त्याच्याशी मनातल्या मनात मी किती भांडले होते! चौथा मुलगा कोपऱ्यात गादीवर बसला होता. बारीक अंगाचा, पायात मोजे. सात महिन्यांत तो मला एकदाही ऐकू आला नव्हता.

त्याच मुलाने दोरा आणला. आम्ही पायाची गोलाई मोजली, गाठ मारली. सोमवारी मेन रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात मी तो दोरा पुढे केला. दुकानदाराने तो बोटाला गुंडाळून पाहिला आणि विचारलं, "बुश आतून बसणारे की बाहेरून चढणारे?" मला हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नव्हता. बाहेरून चढणारे जास्त टिकतात म्हणाला. चार खुर्च्या, सोळा पाय. वीस घेतले, चार जादा. आठ रुपयाला एक, एकशे साठ झाले.

"मालकाकडून घे," हे म्हणाले. मी मालकाला दुकानाच्या पावतीचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत एकशे साठ रुपये आले, सोबत अंगठ्याचं चित्र. नऊ फोनांत न झालेली कृती. मला वाटतं त्याला कधीपासून काहीतरी करायचं होतं, फक्त ते एकशे साठ रुपयांत बसणारं असावं, एवढीच त्याची अपेक्षा होती.

त्या रात्री मी मुद्दाम जागी राहिले. पाऊण वाजला. वर पावलं आली, टाचवाला, पळणारा. भांड्यांचे आवाज झाले. मग वांगं भाजल्याचा वास खिडकीतून खाली आला. मुलं जळगावकडची, त्यांचं भरीत म्हणजे विचारायची सोय नाही. आता दुसऱ्या दिवशी वाटीभर भरीत आमच्या दाराशी आलं असेल, असं तुम्हाला वाटलं असेल. नाही आलं. खुर्च्यांचा आवाज मात्र आला नाही.

डंबेल आता जुन्या गोधडीवर पडतं, सहसा. बुलेट तशीच आहे. जिन्यातल्या चपला महिनाभर ओळीत होत्या, मग पुन्हा कीर्तन सुरू झालं. अकरा महिने भरले तेव्हा मी कॅलेंडरवर खूण केली होती. मालकाचा फोन आला, म्हणे करार वाढवलाय, भाडंही थोडं वाढवलंय, मुलं चांगली आहेत, वेळेवर देतात. "आता काही त्रास नाही ना वहिनी?" मी "नाही" म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर ह्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. नवव्या अटीत काही बदल झाला का, ते विचारायचं राहिलं.

गेल्या आठवड्यापासून एक बुश निसटलंय. पंधरा पाय गप्प असतात आणि एक बोलतो. आधी खट्, मग लहानसं कर्र. कुठल्या खुर्चीचा, ते सांगायच्या फंदात मी पडत नाही, माझे अंदाज कसे असतात ते कळलंय. जादा घेतलेले चार बुश स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये आहेत, स्क्रू ड्रायव्हरशेजारी.

काल रात्री पाऊण वाजता खट् झालं, तसे हे झोपेतच म्हणाले, "जा की वर."

"शनिवारी," मी म्हटलं आणि कूस बदलली.