रिसीव्हर क्रमवारी: हटसनची गाठ निम्मी सुटली

मंडळी, एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची मुख्य लीग) आजवरच्या रिसीव्हरांची, म्हणजे पास झेलणाऱ्यांची, क्रमवारी लावतोय, त्यात हटसनवर अडलेली गाडी हलली! शीट यार्डांनुसार (पास झेलून मिळवलेलं अंतर) लावली आणि दोन ओळी एकमेकींना खेटून आल्या. पॅकर्सचा डॉन हटसन, १९४२, १,२११ यार्ड. जेरी राइस, २००२, १,२११ यार्ड. आकडा तंतोतंत तोच, मध्ये साठ वर्षं. हटसनला त्यासाठी ११ सामने मिळाले, राइसला १६. हटसन त्या वर्षी लीगमध्ये पहिला, आणि दुसऱ्या क्रमांकाचे यार्ड त्याच्या निम्मेही नव्हते. राइस तेव्हा रेडर्स संघाकडे होता, त्याच ऑक्टोबरात चाळीस पूर्ण केलेला, आणि पुढे मार्विन हॅरिसन १४३ झेल नि १,७२२ यार्ड घेऊन बसलेला.

आपलं सूत्र कुठे अडतंय ते या दोन ओळींनी दाखवलं. खेळाडूचे दर सामन्याचे यार्ड भागिले, त्याला सोडून लीगमधल्या वरच्या दहा जणांची सरासरी, असं आपण धरत आलोय. १९४२ मध्ये संघच होते दहा. म्हणजे वरचे दहा म्हणजे सरासरी दर संघामागे एक माणूस. २००२ मध्ये संघ ३२, तिथे वरचे दहा म्हणजे निव्वळ मलई. म्हणून 'दहा' काढून टाकले. आता जितके संघ, तितकेच खेळाडू तुलनेला. राइसचं २००२ लगेच वर सरकलं, आणि चाळिशीतल्या माणसाच्या त्या सीझनला त्याचं मोल मिळालं याचा मला मनापासून आनंद झाला.

टचडाउनच्या (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे गुण) रकान्यातही हेच लावलं. १९८७ च्या खेळाडूंच्या संपामुळे राइस १२ सामने खेळला आणि त्यात त्याचे २२ टचडाउन. दुसऱ्या क्रमांकावरच्या माईक क्विकचे ११. रँडी मॉसचे २००७ मधले २३ विक्रमी खरेच, पण ते १६ सामन्यांत. दर सामन्याला राइस १.८३, मॉस १.४४. त्या संपात तीन आठवडे बदली खेळाडू खेळले, पण राइस त्यात नव्हता, त्यामुळे हा आकडा मी जसाच्या तसा ठेवतोय.

आता हटसन. संघांचा हिशेब बसवूनही तो सगळ्यांच्या वर जातो, आणि हे मला पटत नाही. १९४२ पासून बरेच खेळाडू सैन्यात गेले होते, समोरचा बचाव विरळ झाला होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड रॅम्सकडून उतरले ते १९४६ मध्ये. हटसनची कारकीर्द १९३५ ते १९४५, म्हणजे सगळीच्या सगळी त्या बंद दाराआड. याला कुठला गुणक लावणार? कुठलाही लावला तरी तो मनाचाच असेल, म्हणून लावणार नाही.

त्याऐवजी युद्धाची वर्षं बाजूला ठेवून त्याचं शिखर १९४१ धरतोय. पर्ल हार्बर झालं ७ डिसेंबरला, तेव्हा पॅकर्सचे साखळी सामने उरकले होते. त्या वर्षी ५८ झेल, ७३८ यार्ड, १० टचडाउन, शिवाय लीगचा सर्वोत्तम खेळाडू. म्हणजे युद्धाचा फायदा वगळूनही माणूस थोरच. यावर तो माझ्याकडे तिसरा येतो, राइस आणि मॉसच्या मागे.

हे लिहितानाच एक सुचलं. लीगशी तुलना करण्यापेक्षा संघाच्या एकूण पासिंग यार्डांतला वाटा काढला तर? टार्गेट्सचे (रिसीव्हरकडे टाकलेले पास) आकडे १९९२ च्या मागे मिळत नाहीत, पण वाटा कुठल्याही वर्षाचा काढता येतो. लगेच डॉल्फिन्सच्या पॉल वॉरफिल्डवर करून पाहिलं. डॉल्फिन्स चेंडू घेऊन पळणारा संघ, त्यामुळे त्याचे आकडे नेहमी किरकोळ वाटतात. १९७१ मध्ये झेल अवघे ४३. पण यार्ड ९९६, टचडाउन ११, आणि पास टाकणाऱ्या बॉब ग्रीसीचे वर्षभराचे यार्ड २,०८९. शेजारी ठेवून बघा! वॉरफिल्ड एका झटक्यात पहिल्या पंधरात आला. हा माणूस इतकी वर्षं यादीबाहेर होता याची मला फार चुटपुट होती.

लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनलाही यात न्याय मिळेल असं दिसतंय. २००८ चे लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले, त्या संघात त्याचे १,३३१ यार्ड आणि १२ टचडाउन. २०१२ मध्ये १,९६४ यार्डांसोबत टचडाउन पाचच होते म्हणून त्याचे गुण कापा, असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

साधनांबद्दल थोडं. प्रो फुटबॉल रेफरन्सला तोड नाही, जुनी वर्षंही नीट रकान्यांत मिळतात. पैसे भरून घेतलेली एक ग्रेडिंग सेवा (खेळाडूंच्या खेळाला गुण देणारी) मात्र मी बंद करतोय, मला हव्या त्या जुन्या काळातलं तिच्याकडे काहीच नाही.

वाट्याचा हा नवा हिशेब अजून व्हायचाय, त्यामुळे टॉप-२५ या वेळी टाकत नाही. आधी सगळ्यांचा वाटा काढतो, प्रत्येकाचे उत्तम पाच सीझन धरून. जमार चेस आणि जस्टिन जेफरसन या आताच्या खेळाडूंचे सीझन कमी आहेत, त्यांना वेगळ्या पानावर ठेवतोय. लान्स ऑलवर्थचे एएफएलचे (तेव्हाची प्रतिस्पर्धी लीग) आकडे एनएफएलशेजारी कसे मांडायचे, यावर कुणी काम केलं असेल तर शीट पाठवा.