आमची वाटचाल : तीन म्हातारे आणि सासूबाईंची गादी

आमच्या कॅक्टसच्या रोपांच्या धंद्याची सुरुवात ब्रह्मकमळापासून झाली. ते ब्रह्मकमळ नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तेलाच्या रिकाम्या डब्यात ते लावलं होतं. पावसाळ्यात एखाद्या रात्री कळी उमलायची. मग शेजारच्या बायका जमायच्या, हळदकुंकू वाहायच्या, आरती व्हायची आणि उजाडेपर्यंत फुलाने मान टाकलेली असायची. निघताना प्रत्येकीला एक पान हवं असायचं. तीच पानं कुंडीत रुजवून मी रोपं विकायला लागले.

पुढे एकदा रतलामपलीकडे सैलान्याला गेलो. तिथल्या राजवाड्यातली कॅक्टसची बाग पाहिली आणि मी वेडीच झाले. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा उलगडलं, की आमचं ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा कॅक्टस. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा, उत्तराखंडचं राज्यपुष्प. आणि आम्ही ज्याला पान म्हणत होतो ते चपटं झालेलं खोड. आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "असू दे. देवाला चालतंय ना?"

देवाला चाललं, गिऱ्हाइकाला चालत नाही. 2020च्या लॉकडाऊननंतर कुरिअरने रोपं पाठवायला लागलो आणि एकाने फोनवर 'ओल्ड मॅन', म्हणजे 'म्हातारा' नावाचा कॅक्टस, मागवला. पांढऱ्या केसांचा म्हातारा आमच्याकडे होता, तो पाठवला. चार दिवसांनी फोन आला, "ताई, हा माझा म्हातारा नाही!" त्याला हवा होता मेक्सिकोचा सेफॅलोसेरियस सेनिलिस, सेनिलिस म्हणजेच वृद्ध. मी पाठवलेला पेरूचा, एस्पोस्टोआ लॅनाटा, अंगावर लोकर पांघरलेला. याच नावाचा तिसरा अँडीज पर्वतातला, ओरिओसेरियस सेल्सिआनस; त्याच्या केसांतून जाड पिवळे-तपकिरी काटे बाहेर येतात. पैसे परत केले, येण्याजाण्याचं कुरिअरही आमच्याच माथी. त्या दिवसापासून शास्त्रीय नावाच्या पाटीशिवाय आमची एकही कुंडी बाहेर जात नाही.

पाट्या लिहिताना आपल्याच भाषेतला घोळही दिसला. आपण निवडुंग म्हणून फड्यालाही हाक मारतो आणि कुंपणाच्या थोरालाही. फड्या ओपन्शिया, तो खरा कॅक्टस. थोर युफोर्बिया, खरचटला की पांढरा चीक येतो, डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो. कॅक्टसचे काटे लवेच्या छोट्या गादीतून, अ‍ॅरिओलमधून, फुटतात. दुकानात हे मी भिंग देऊन दाखवते. बाजारात 'कोरल कॅक्टस' म्हणून मिळतो तोही युफोर्बियाच, एकावर दुसरा कलम केलेला.

लाल टोपीचा 'मून कॅक्टस' मात्र खपतो खूप. जिम्नोकॅलिशियम मिहानोविची, अंगात हरितद्रव्य नाही, म्हणून खालच्या हिरव्या खुंटाच्या जिवावर जगतो. तो खुंट थकला की दोघेही जातात. विकताना हे सांगते, कधी विक्री हातची जाते. जाऊ दे.

संग्राहकांचा जीव खरा अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियासवर. काटे नाहीत, चपटा, पांढऱ्या ठिपक्यांचा. 'सँड डॉलर' म्हणतात. जंगलातून ओरबाडला जातो म्हणून हा साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. आम्ही फक्त बियांपासून वाढवलेलाच ठेवतो. माळव्याच्या काळ्या मातीत पहिल्याच पावसाळ्यात याची अख्खी ट्रे कुजली होती. आता विटांचे तुकडे, जाड वाळू, सिंडर (जळक्या कोळशाचे खडे) आणि चिमूटभर गांडूळखत घालतो. जून ते सप्टेंबर वर प्लास्टिक.

गोल पिवळा एकिनोकॅक्टस ग्रुसोनी, हल्ली काही जण क्रोएनलेनिया म्हणतात. आमच्या पाटीवर जुनंच नाव. याला इंग्रजीत 'सासूची गादी' म्हणतात. काउंटरवर आई बसलेल्या असताना एका मुलाने मोठ्याने हेच नाव घेऊन मागितला. आई म्हणाल्या, "घेऊन जा बाबा. पण आधी सुनेला बसवून बघ."

त्यांच्या डब्यातल्या एपिफायलमलाही मी पाटी लावली होती. दुसऱ्या दिवशी ती गच्चीच्या कोपऱ्यात सापडली. "रात्री निरांजनाच्या उजेडात ही लॅटिन कोण वाचणार?" असं आईंचं म्हणणं.