टायटॅनियम सोडून काचेचे शेअर घेतले, त्याची गोष्ट

महापे एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, माझं आयुष्य गेलंय. २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोची फ्रेम टायटॅनियमची आली आणि शॉपवर एकच विषय, आता टायटॅनियमवाले शेअर पळणार. मला ते पटेना. ग्रेड ५ टायटॅनियमचं (हा त्याचा एक मिश्रधातू) टर्निंग करताना, म्हणजे तुकडा फिरवत कापताना, उष्णता निघणाऱ्या कातरणीबरोबर जात नाही, कापणाऱ्या पात्याच्या (इन्सर्टच्या) टोकाशीच साठते. गार ठेवणाऱ्या कूलंटचा मारा जरा सरकला की धार गेलीच. ॲल्युमिनियमपेक्षा हा धातू वीसपटीहून कमी उष्णता वाहून नेतो. फोन तर तापणारच! २०२५ च्या १७ प्रोमध्ये ॲपल पुन्हा ॲल्युमिनियमवर आलं.

पैसे लावण्याआधी जीटी ॲडव्हान्स्ड या अमेरिकी कंपनीची हकिगत वाचली. नव्या मटेरियलच्या मागे जाणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी. नोव्हेंबर २०१३ मध्ये ॲपलने सफायरसाठी (काचेसारखा पारदर्शक, पण फार कडक स्फटिक) तिला ५७.८ कोटी डॉलर आगाऊ देण्याचा करार केला. सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोन ६ आला, पण पडद्यावर सफायर नाही. ऑक्टोबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत, शेअर एका दिवसात ९० टक्क्यांहून जास्त खाली. केवढी माणसं बुडाली असतील!

म्हणून २०२४ मध्ये मी कॉर्निंग ही अमेरिकी काच कंपनी निवडली. पहिल्या आयफोनपासून काच तिचीच, शिवाय ऑप्टिकल फायबर आणि टीव्हीच्या काचेचाही धंदा आहे. एक गिऱ्हाईक गेलं म्हणून भट्टी विझणार नाही.

ब्रोकरकडे खातं लगेच उघडलं. वेळ गेला तो बँकेत. वाशीच्या शाखेतल्या मॅडमनी परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म परत सरकवला, "दादा, पर्पज कोड लिहा." पैसे कशासाठी पाठवतो ते सांगणारा हा कोड, परदेशी शेअरसाठी एस०००१. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, माझी रक्कम त्यापुढे किरकोळच. डब्ल्यू-८बेन, म्हणजे आपण अमेरिकेचे करदाते नाही असं सांगणारा फॉर्म, मात्र आठवणीने भरा. त्याने लाभांशावरचा अमेरिकी कर ३० ऐवजी २५ टक्के होतो. कॉर्निंगचे शेअरमागे तिमाहीचे २८ सेंट माझ्या हाती २१ होऊन आले.

कापलेला कर इथल्या करातून वळता करायला फॉर्म ६७ लागला. आणि रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, एकच शेअर असला तरी. त्यात हिशोब जानेवारी ते डिसेंबरचा मागतात, एप्रिल ते मार्चचा नाही. आमच्या सीएंनी ब्रोकरचं स्टेटमेंट त्याप्रमाणे पुन्हा काढायला लावलं. पैसे पाठवण्याचं शुल्क छोट्या रकमेला फार जड जातं, म्हणून आता मी वर्षभर साठवून एकदाच पाठवतो.